‘शांत झोपलेत’ म्हणजे बरे आहेत?

मावशीने सकाळी पुढे ढकललेला मेसेज असा: ‘डिमेन्शिया असलेले ज्येष्ठ अचानक जास्त गोंधळले तर धावपळ करू नका, आजार पुढच्या पायरीवर गेला एवढंच. रात्री जागत असतील तर सर्दीची गोळी द्या. शांत पडून असतील तर उठवू नका. बडबड वाढली तर लघवीचा संसर्ग, अँटिबायोटिक सुरू करा.’ खाली तिची भर: ‘यांना दोन रात्री गोळी दिली, बघ कसे शांत झोपलेत.’

मी तशीच निघाले.

‘पुढची पायरी’ एका रात्रीत येत नाही. डिमेन्शिया बहुतेक वेळा महिन्या-वर्षांनी सरकतो. सोमवारी नीट बोलणारा माणूस बुधवारी स्वतःची खोली ओळखेना, तर आधी डिलिरियम, म्हणजे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, समजायचं. जुनी माणसं म्हणत ना, ‘वात झालाय’, तेच. सकाळी बरं, संध्याकाळी वाईट, लक्ष कशावरच ठरत नाही. मेंदू आधीच दुबळा, त्यामुळे न्यूमोनियाच हवा असं नाही. पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, दुखणं, उतरलेलं सोडियम, नवं औषध, काहीही पुरतं. आणि यातलं बरंच दुरुस्त होतं. म्हणजे धावपळ करायचीच.

आता ती गोळी. सर्दीच्या जुन्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिनचं, म्हणजे आठवणीला लागणाऱ्या रसायनाचं, काम अडवतं. अल्झायमरमध्ये तेच आधी कमी झालेलं असतं, ते टिकावं म्हणून डॉक्टर डोनेपेझिल देतात. काकांना तेच चालू आहे! सकाळी द्यायचं आणि रात्री पुसून टाकायचं. वर याच गोळीने लघवी तुंबते.

काकांचा चष्मा ड्रॉवरमध्ये, कानाचं मशीन डबीत, जीभ कोरडी. हाक मारली की डोळे उघडत, अर्ध्या शब्दावर मिटत. बेंबीखाली हात ठेवला तर कण्हले. तिथे घट्ट फुगवटा. डॉक्टरांनी नळी घालून लघवी काढली, गोळी बंद केली. चौथ्या दिवशी काका खेकसले, ‘‘माझा चष्मा कुणी नेला?’’ मावशीला रडू फुटलं.

ते ‘शांत झोपणं’ म्हणजेच डिलिरियम होता. सुस्त प्रकारचा. आरडाओरडा नाही, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही.

संसर्गाचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. त्याने डिलिरियम होतोच. पण उतारवयात काहीही त्रास नसताना लघवीत जिवाणू सापडणं नेहमीचं. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९च्या सूचना सांगतात: ताप, जळजळ असं काही नसेल, तर नुसता गोंधळ आणि जिवाणू यांवर अँटिबायोटिक नको, दुसरी कारणं शोधा. आणि ते सुरू करायचं की नाही, हे ठरवणारा मेसेज कोण?

‘‘मग रात्री मी करू काय?’’ मावशीचा प्रश्न रास्त आहे. वृद्धांच्या आजारांच्या अमेरिकी डॉक्टर शेरॉन इनोये यांचा १९९९चा अभ्यास पाहा: रुग्णालयातले सत्तरीपुढचे ८५२ रुग्ण. पाणी, चष्मा, कानाचं मशीन, रोज चालवणं, दिवस-वेळेची आठवण, गोळीविना झोप. डिलिरियम १५ टक्क्यांवरून ९.९ वर आला. एकदा झालेल्या डिलिरियमची तीव्रता मात्र याने कमी झाली नाही, म्हणून हे आधीपासून करायचं.

मावशीने तो मेसेज आणखी तीन ग्रुपांत टाकला होता. आता डिलीट होत नाही म्हणते. म्हणून तिच्याच फोनवरून हे त्या तिन्ही ठिकाणी टाकते आहे.