दुखत नाही, मग दाखवायचं कशाला?

आज वर्गात दाततपासणीचे संमतीचे फॉर्म परत आले. दुसरीचा वर्ग, अडतीस पोरं. 'हो'वर खूण किती जणांची? अकरा. बाकी काही कोरे, काही 'नको', आणि एका पालकांनी मागं सुवाच्य अक्षरात लिहिलंय, "मॅडम, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत. उगाच पोराला भीती नको."

डोकंच सटकलं. कारण सहा वर्षांपूर्वी हेच वाक्य माझ्या तोंडी होतं.

थोरला तेव्हा सात वर्षांचा. खालच्या दाढेवर तिळाएवढा काळा ठिपका. सासूबाई म्हणाल्या, एकदा दाखवून आण. मी म्हटलं, दुधाची दाढ, पडणारच आहे. दुखत नाही तर दाखवायचं कशाला? (शिकलेली मी, बरं का. त्या चौथी पास.) वर्षभरानं एका रात्री दीड वाजता पोरगं गाल धरून भिंतीला टेकून बसलेलं. गाल सुजून टम्म. लवंगेचं तेल, कोमट पाणी, सगळं झालं. सकाळी राजारामपुरीत डॉक्टरांनी आरसा धरून दाखवलं, "वहिनी, ही दुधाची नव्हे. ही कायमची."

सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागं ही दाढ गुपचूप उगवते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून आईबापाला पत्ताच लागत नाही. आणि दुधाच्या दाढा तरी कुठं लगेच पडतात? दहा-बारा वर्षांपर्यंत त्या खालून येणाऱ्या दातांची जागा धरून असतात.

गंगावेशीच्या कट्ट्यावर पोराला धारोष्ण दूध पाजायला पहाटे नेणारे बाप आहेत आपल्याकडं. तब्येत झाली पाहिजे! रविवारी रंकाळ्यावर भेळ, आईस्क्रीम, हात सैल. पण दात दाखवायचा म्हटलं की "बघू की सुट्टीत." सुट्टी येते, जाते.

काही कॅम्प गिऱ्हाईक गोळा करायलाच भरवतात, मान्य. मग दुसरीकडं दाखवा. नकोच का?

२०१८ च्या नोव्हेंबरात शाळेत गोवर-रुबेलाची लस आली तेव्हाही हेच. मोबाईलवर कुणीतरी काहीतरी फिरवलं आणि त्या दिवशी वर्गात बाकं रिकामी. हीच पोरं लहानपणी पोलिओचे थेंब घेऊन, करंगळीला शाई लावून मिरवलीत. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला तो काय आपोआप? आजार दिसेनासा झाला की लसच फालतू वाटायला लागते.

असो. चिडून लिहितेय खरं, पण त्या चिठ्ठीतल्या आईला मी ओळखते. पोराला टोचलेलं तिला बघवत नाही. कामावर खाडा झाला तर पगार कापतात. मला तर तेवढीही अडचण नव्हती, नुसता आळस होता.

धाकटीच्या दाढांच्या खाचा गेल्या वर्षी भरून घेतल्या. त्या खाचांत ब्रशचा केससुद्धा शिरत नाही म्हणे. ना सुई, ना मशीनची घरघर. जेल लावलं, धुतलं, वाळवलं, पातळ औषध सोडलं, निळा उजेड धरला. चार दाढा, अर्धा तास. बाहेर येऊन बाईसाहेब म्हणतात, "झालं? एवढंच?"

थोरल्याची दाढ रूट कॅनल करून, वर टोपी चढवून वाचवली कशीबशी. पण तो अजून डाव्या बाजूनंच चावतो. परवा शेतावर सगळी पोरं ऊस दातांनी सोलत होती. हा विळा शोधत होता.

उद्या ते सत्तावीस फॉर्म परत पाठवतेय. चिठ्ठीवाल्या आईला शाळा सुटल्यावर गेटवर गाठणार, थोरल्याला सोबत घेऊन. तो तोंड उघडून दाखवायला तयार आहे, बदल्यात मिसळ पाहिजे म्हणाला.

थांबते. धाकटी ब्रश न करताच पांघरुणात शिरलीय, उठवते तिला.