ओळ संपवण्याचे शास्त्र

आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले, ते मी तरुणपणी मराठी टंकलेखनाची तीस शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झालो होतो एवढ्याच कारणाने. कळफलकाशी इतके जुने नाते असलेला दुसरा सदस्य कार्यकारी मंडळात नव्हता. टंकयंत्रावर ओळ संपत आली की घंटी वाजत असे, आपण डावीकडची दांडी ढकलत असू, कागद एक ओळ वर सरके आणि कॅरेज पुन्हा आरंभाला येई. ओळ संपली याविषयी टंकलेखक, यंत्र आणि परीक्षक यांच्यात कधी दुमत होत नसे. संगणकाच्या जगात मात्र ओळ नेमकी कशाने संपते यावर तीन पंथ होऊन गेले, त्यांपैकी दोन अजून नांदत आहेत, आणि त्यांचे भांडण डोळ्यांना दिसत नाही अशा अक्षरांवरून चालते.

या भांडणाचे मूळ टंकयंत्राच्या त्या दांडीतच आहे. एका ढकलण्यात ती दोन कामे करीत असे. १९६३ साली आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या तारेवरून चालणाऱ्या यंत्रासाठी ही कामे वेगळी ठेवलेली होती: कॅरेज मागे आणणारा संकेत म्हणजे कॅरेज रिटर्न आणि कागद वर सरकवणारा संकेत म्हणजे लाइन फीड. अक्षरांना आणि संकेतांना क्रमांक देणाऱ्या आस्की तक्त्यात त्यांचे क्रमांक अनुक्रमे १३ आणि १०. हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे छापी, पण उजव्या टोकाहून डावीकडे परत येण्यास त्याच्या कॅरेजला एका अक्षराचा अवधी पुरत नसे. म्हणून आधी तिला परत फिरण्याचा हुकूम द्यायचा आणि ती वाटेत असताना कागद सरकवून घ्यायचा, अशी शहाणपणाची तोड निघाली. तोड उत्तमच होती. आक्षेप इतकाच की यंत्र मोडीत गेले आणि तोड मागे राहिली.

युनिक्स या संगणकप्रणालीने, मल्टिक्स या आधीच्या प्रणालीचा कित्ता गिरवून, फक्त १० हा क्रमांक ठेवला. छपाईयंत्राची लकब त्या यंत्राच्या ड्रायव्हरने, म्हणजे ते चालवणाऱ्या प्रोग्रामने, सांभाळावी, मजकुराने कशाला, हा त्यामागचा विचार मला अजूनही सर्वांत सरळ वाटतो. सीपी/एम या प्रणालीने दोन्ही क्रमांक ठेवले, तिच्याकडून ते डॉसने घेतले आणि डॉसकडून विंडोजकडे वारसाहक्काने आले. ॲपलच्या मॅकिंटॉशने केवळ १३ वर समाधान मानले आणि २००१ साली मॅक ओएस टेन आणून तो निमूटपणे युनिक्सच्या पंगतीला जाऊन बसला. त्या जुन्या मॅकवर लिहिलेली पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतली फाइल जशीच्या तशी युनिक्सवर नेली, तर युनिक्सच्या दृष्टीने ती आरंभापासून अखेरपर्यंत एकच ओळ ठरे. अशा फाइलींची पहिली खूण बहुधा टिप्पणीचीच, म्हणजे ओळ संपेपर्यंतचा मजकूर यंत्राने सोडून द्यावा असे सांगणारी, असल्यामुळे अख्खा प्रोग्राम टिप्पणी समजला जाई. तक्रार नाही, काम नाही. अशी शांतता मी फक्त आमच्या वार्षिक सभेत हिशेब मांडताना पाहिली आहे.

आता आमची परिस्थिती पाहा. वाचनालयाच्या कचेरीत जुन्या विंडोजचा संगणक आहे, पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा युनिक्सच्या कुळातल्या लिनक्सवर काम करतो आणि संकेतस्थळासाठी आम्ही भाड्याने घेतलेला सर्व्हरही लिनक्सचाच. भाच्याने नव्या पुस्तकांची यादी पाठवली आणि सचिवांनी ती विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली, तेव्हा सगळी पुस्तके एकाच ओळीत, लेखकाच्या नावाला पुढच्या पुस्तकाचे नाव चिकटवून, खिडकीबाहेर निघून गेली होती. सचिवांचा लगेच फोन आला, “अहो, तुमच्या भाच्याने पुस्तके पाठवली, पण ओळी पुण्यातच ठेवल्या.” नोटपॅडला नुसत्या लाइन फीडची ओळख २०१८ मध्ये झाली. आमच्या कचेरीतला नोटपॅड त्याआधीचा.

उलट दिशेचा प्रवास अधिक क्लेशकारक. ‘सूचना पाठवा’ या पानामागे पर्लची एक छोटी फाइल होती. सचिवांनी तिच्यात वाचनालयाची नवी वेळ लिहिली आणि ती परत चढवली. त्या दिवसापासून सूचना पाठवणाऱ्यास ‘५००, अंतर्गत त्रुटी’ एवढेच उत्तर मिळू लागले. (सूचना येणे बंद झाल्याचे मंडळातील काहींना फारसे दुःख नव्हते, हे येथे नोंदवतो.) सर्व्हरच्या नोंदवहीत पाहिले तर ‘अशी फाइल अस्तित्वात नाही’ असा शेरा. फाइल तर समोर दिसत होती. मी भाच्याला विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मामा, तो तुमच्या फाइलबद्दल बोलतच नाही. पहिल्या ओळीत ती फाइल चालवणाऱ्या पर्लचा पत्ता आहे ना, त्याच्या शेवटी एक कॅरेज रिटर्न चिकटला आहे. शेपटीला कॅरेज रिटर्न असलेले पर्ल तो शोधतो आहे, आणि ते कोणाकडेच नसते.” म्हणजे शेरा अक्षरशः खरा होता. खोटे बोलणाऱ्या यंत्राशी निभावता येते. इतक्या काटेकोरपणे खरे बोलणाऱ्याशी कसे वागावे?

त्यावर उपायही होता. फाइली चढवण्याची जी एफटीपी पद्धत आहे, तिच्यात आस्की आणि बायनरी असे दोन प्रकार असतात, आणि आस्की निवडले की वाटेत ओळींची शेवटे दुरुस्त होतात. सचिवांना हा उपाय इतका आवडला की त्यांनी वर्धापनदिनाची छायाचित्रेही आस्कीतच चढवली. छायाचित्रात १३ आणि १० हे आकडे योगायोगाने शेजारी आले, तरी एफटीपी तेथे ओळ संपली असे मानते आणि तेरा काढून टाकते. परिणामी अध्यक्षांची टोपी जागेवर राहिली, चेहरा उजवीकडे सरकला आणि खालचे सत्कारमूर्ती करड्या पट्ट्यांत विलीन झाले. येथे पीएनजी हा चित्रप्रकार रचणाऱ्यांना मनापासून नमस्कार करावासा वाटतो. प्रत्येक पीएनजी फाइलीच्या आरंभी आठ बाइटांची, म्हणजे आठ आकड्यांची, सही असते आणि तिच्यात १३ व १० ही जोडी आणि शेवटी एक सुटा १० मुद्दाम पेरलेला आहे. वाटेत कोणी ओळी सुधारल्या की सही बिघडते आणि चित्र उघडण्यासच नकार मिळतो. अध्यक्षांचा अर्धा चेहरा दाखवण्यापेक्षा तो मुळीच न दाखवणे किती सुसंस्कृतपणाचे!

ओळींखेरीज अक्षरांचाही एकदा घोटाळा झाला. मजकूर यूटीएफ-८ या सर्व लिप्यांच्या संकेतपद्धतीत ठेवला असताना ब्राउझरने तो विंडोज-१२५२ या रोमन लिपीच्या संकेतपद्धतीतला समजून वाचला, तेव्हाचा प्रसंग मात्र मला प्रेक्षणीय वाटला. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचे तीन बाइट होतात. त्यांतला पहिला, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ होऊन प्रकटतो आणि दुसऱ्याच्या जागी चलनाचे चिन्ह येते. ह्रस्व वेलांटीला कोणत्याही देशाचे नसलेले सर्वसाधारण चलनचिन्ह मिळते, तीच वेलांटी दीर्घ केली की जपानी येन मिळतो. उकार, मात्रा आणि हलन्त यांनाही येनच. शुद्धलेखनाचा असा रोखीचा हिशेब कोणत्याही व्याकरणकाराला सुचला नसता.

अखेर भाच्याने सगळ्या फाइली, त्यांच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये ठेवल्या आणि तेथे नियम घातला की कोणीही, कोठूनही पाठवले तरी ओळ लाइन फीडनेच संपेल. मी त्याला विचारले की आता तरी या कॅरेज रिटर्नपासून आपली कायमची सुटका झाली ना. त्याने सर्व्हरचे एक उत्तर उलगडून दाखवले. सर्व्हर आणि ब्राउझर यांनी एकमेकांशी कसे बोलावे हे ठरवणाऱ्या एचटीटीपी १.१ च्या नियमानुसार, पान सुरू होण्यापूर्वी सर्व्हर ज्या शीर्षओळी पाठवतो, त्यांतली प्रत्येक ओळ १३ आणि १० या दोहोंनी संपलेली होती. शेपटीच्या एका तेराने आमची फाइल नाकारणारा सर्व्हर तो हाच. “आणि हे?” मी विचारले. भाचा म्हणाला, “मामा, हे काढले तर संकेतस्थळ बंद पडेल.”