बी आहे ते, कुंडली नाही

“काकू, बी आहे ते, कुंडली नाही.”

मी तेव्हा भेंडीचं पाकीट उलटं धरून त्यावरची तपासणीची तारीख शोधत होते. ही तारीख मुंगीच्या अक्षरात छापायची आणि किमतीचा स्टिकर नेमका तिच्यावर डकवायचा, असा काहीतरी अलिखित करार असावा. मी नखाने स्टिकर खरवडत असताना मागून हे वाक्य आलं आणि रांग हसली. काउंटरवरचा मुलगाही हसला. त्याचं एक वेळ सोडून देऊ, दिवसभर तिथे उभं राहायचं म्हणजे करमणूक हवीच. पण ‘काकू’? म्हणणारा इसम माझ्याच वयाचा होता. असलाच तर वर्ष-दोन वर्षांनी मोठा.

आणि कुंडली नाही कशी? कुंडलीच असते ती. जन्मवेळेच्या जागी तपासणीची तारीख, गोत्राच्या जागी लॉट नंबर, छत्तीस गुणांच्या जागी उगवणशक्तीची टक्केवारी. बी गुलाबी किंवा निळं रंगवलेलं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलंय, उरलेलं स्वयंपाकघरात न्यायचं नाही, हेही तिथेच लिहिलेलं असतं. पुढच्या बाजूला काय असतं? फोटो. फोटोत बारा महिने तेरा काळ सकाळचे आठ वाजलेले असतात आणि पानावर दंव असतं.

गृहस्थांनी फोटो बघूनच खरेदी उरकली होती. हातात पाच पाकिटं, पत्त्यांसारखी उलगडून धरलेली: लेट्यूस, पालक, फ्लॉवर, पॅन्सी, स्वीट पी. पाचही हिवाळ्यातली. बाहेर चपलेच्या तळातून चटका बसेल असं ऊन. आणि त्या पाचातलं पॅन्सीचं पाकीट काढून साहेब त्याने स्वतःला वारा घालत होते.

“एवढ्या उन्हात पॅन्सी?” माझ्या तोंडून निघून गेलं. इथे चूक माझी.

“पाणी घातलं की सगळं येतं.”

“तिला उगवायलाच अठरा-वीस अंश लागतात.”

“मग दोनदा घालू.”

“आणि लेट्यूसला?”

“तीनदा.”

पाणी हा या माणसाच्या कृषिशास्त्रातला पहिला धडा होता आणि शेवटचाही. आता लेट्यूसला पाण्याने बोलावता येत नाही हे त्याला कोण सांगणार? मीच सांगणार, गप्प बसायचा गुण माझ्यात नाही. माती २७ ते ३० अंशांच्या वर गेली की लेट्यूसचे बहुतेक वाण उगवायला चक्क नकार देतात. बी मेलेलं नसतं. ते पाणी पितं, फुगतं आणि तसंच बसून राहतं. पहिले काही तास, म्हणजे बी पाणी पीत असतं तेव्हा, गारवा मिळाला तर कोंब काढतं. नाही मिळाला आणि उष्णता लांबली, तर असं गाढ झोपतं की नंतर माती थंड करूनही उठत नाही. म्हणून उन्हाळ्यात लेट्यूस लावायचंच असेल तर संध्याकाळी पेरायचं, म्हणजे पाणी पिण्याचे तास रात्रीत पडतात. मातीत पुरायचं नाही, वरवर भुरभुरायचं, कारण त्याला उजेडही लागतो. त्याआधी ओल्या कापडात गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये...

“फ्रीजमध्ये बी?” त्याने मान वळवून मागच्या रांगेला विचारलं. “मग भाजी कुठे ठेवता काकू, कुंडीत?”

रांग पुन्हा हसली. एक बाई तर पिशवी खाली ठेवून हसली.

मी बरोबर होते. हे मी आजही सांगते, आणि सांगताना आवाज चढतो. पण बरोबर असण्याचा रांगेत काडीचा उपयोग नसतो. मागच्या लोकांना गंमत हवी असते आणि ती फ्रीजमधल्या बियाइतकी दुसऱ्या कशात मिळणार?

बरं, उगवलं म्हणजे झालं असंही नाही. पालक तिशीच्या पुढे अर्धामुर्धा उगवतो आणि दिवस मोठा असला की चार पानं फुटताच तुऱ्यावर जातो. फ्लॉवरचं बी मात्र लबाड, ते गरम मातीत छान उगवतं. रोप तरारतं, पानं हत्तीच्या कानासारखी होतात, आपण शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो आणि मग गड्डाच धरत नाही, धरलाच तर सुटा आणि भुरकट. टोमॅटोचं तेच. रोप तयार होतं, फुलं येतात, पण दिवसाचं तापमान ३२-३५ च्या वर आणि रात्रही उबदार राहिली की परागकण निकामी होतात आणि फुलं देठासकट गळतात. माणसं मग खत वाढवतात. खताने पानं वाढतात. फळ कुठून येणार? गाजर त्यातल्या त्यात समजूतदार, ते उष्णतेत उगवतं, पण एक-दोन आठवडे मातीचा वरचा थर एकदाही सुकता कामा नये. हवा ४० अंशांवर असताना उघड्या, कोरड्या मातीचा वरचा पापुद्रा सहज ५० च्या पुढे जातो. तो दोन आठवडे ओला ठेवायचा म्हणजे नोकरी सोडावी लागेल.

“मग लावायचं काय? निवडुंग?”

हा प्रश्न त्याने मला विचारलाच नव्हता, रांगेला विचारला होता. उत्तर मीच दिलं.

भेंडी लावा. तिला उष्णता आवडते असं म्हणणं कमीच, ती उष्णतेवरच चालते. माती २० अंशांवर असेल तर उगवायला अडीच आठवडे, ३० च्या पुढे असेल तर आठवडाभरच पुरे. गवार लावा, तिला पाणी कमी लागतं आणि लाड त्याहून कमी. चवळी तीन-चार दिवसांत वर येते, पण तिला रात्रभर भिजवू नका, फुगून फाटते आणि कुजते. माठ लावा. बी इतकं बारीक की चौपट वाळूत कालवल्याशिवाय नीट फेकता येत नाही, पण उष्णतेत भराभर वाढतो आणि महिन्याभरात कापणीला येतो. दुधी, काकडी लावा, मात्र ऊन आणि मोठे दिवस यांनी नरफुलं जास्त येतात. मागे इवलंसं फळ चिकटलेलं असतं ते मादीफूल. ते दिसेपर्यंत वेलाला शिव्या देऊ नका.

फुलांत झिनिया. अर्धा सेंटिमीटर खोल, आठवड्यात उगवते, दोन-अडीच महिन्यांत फुलते. पानांवर पाणी ओतलंत तर ठिपक्यांचा रोग येईल, बुंध्याशी घाला. पिवळा-केशरी कॉसमॉस, त्याला मात्र चांगली माती देऊ नका. खत जास्त झालं की तो नुसताच उंच होतो. सूर्यफूल दोन-तीन सेंटिमीटर खोल, आणि वर जाळी, नाहीतर पक्षी एकेक करून वेचतात. पोर्तुलाकाचं बी मातीवर नुसतं टेकवायचं, झाकलं तर उजेडाअभावी रुसतं. सदाफुलीचं नेमकं उलटं, तिला अंधार हवा, झाकलीच पाहिजे. या दोघींचं बी मी एकाच कुंडीत कालवून पेरलेलं पाहिलं आहे. कोणी, ते विचारू नका.

“भेंडी काय, कुणीही लावतं,” गृहस्थ म्हणाले. “त्यात मजा काय?”

एवढं बोलून त्यांनी खिशातून फोन काढला. मला वाटलं, झालं एकदाचं. तर म्हणतात कसे, “पण लावायचीच म्हटली, तर कशी?”

आणि मी सांगितलं. हे मला सगळ्यात जास्त लागलंय. ज्याने मला दोनदा हास्यास्पद केलं, त्याला मी रांगेत उभी राहून, काउंटर सोडून, साग्रसंगीत भेंडी शिकवली, आणि तो ती फोनवर टिपून घेत होता.

साधं बी असेल तर आठ ते बारा तास भिजवायचं, त्याचं कवच टणक असतं. रंगवलेलं असेल तर भिजवायचं नाही, औषध धुऊन जातं. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, तीन सेंटिमीटर खोल चर ओढायचा आणि आधी चरात पाणी भरायचं. मुरलं की पुन्हा भरायचं. नळीतलं पहिलं पाणी सोडून द्यायचं, उन्हात पडलेल्या नळीतून चहाला चालेल इतकं गरम पाणी येतं. दुसरं पाणी मुरल्यावर बी ठेवायचं आणि वरून दोन सेंटिमीटर कोरडी, भुसभुशीत माती किंवा कंपोस्ट लोटायचं. त्याच्यावर पाणी नाही. “नाही?” नाही. वरून पाणी घातलं की माती दुसऱ्या दिवशी पापडासारखी कडक होते आणि कोंब खालच्या खाली वाकडा होऊन मरतो. ओल बियाच्या खाली हवी, डोक्यावर नको.

वर ओलं गोणपाट. तिसऱ्या दिवसापासून रोज उचलून बघायचं आणि पहिला कोंब दिसला त्याच संध्याकाळी काढायचं. एक दिवस आळस केला तर रोपं पिवळी, लांबुडकी होतात आणि पहिल्या उन्हात आडवी पडतात. सकाळी काढलं तर दुपारपर्यंत भाजतात. पुढचा आठवडाभर पश्चिमेकडून पन्नास टक्के सावलीची जाळी. दोन झाडांत तीस सेंटिमीटर. रोप उपटून दुसरीकडे लावायचं नाही, सोटमूळ दुखावलं की भेंडी ते विसरत नाही. कुंडी असेल तर तीस सेंटिमीटर तरी खोल, आणि काळी नको. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला दुपारी बाजूने हात लावून बघा, मुळं तिथेच टेकलेली असतात.

“तोडणी?” त्याने न बघता विचारलं.

दिवसाआड. बोटभर झाली की काढायची, दोन दिवस विसरलं की दोरखंड.

सगळं टिपून झाल्यावर त्याने फोन खिशात घातला, काउंटरवरचं भेंडीचं पाकीट उचललं (माझं, मी बोलताना खाली ठेवलेलं, स्टिकर खरवडून तारीख पाहून पसंत केलेलं) आणि म्हणाला, “असू दे हेही. घरचे खूश होतील.” पैसे देऊन पॅन्सीने वारा घेत निघून गेला.

मुलाला दुसरं मागितलं. त्याने दाराजवळच्या काचेला लागून टांगलेल्या रॅकवरचं काढून दिलं. त्या रॅकवर दुपारभर ऊन असतं. बियाण्याच्या साठवणीबद्दल हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा ढोबळ नियम आहे: तापमान ५ अंशांनी उतरलं की बियाचं आयुष्य दुप्पट, आणि बियातला ओलावा १ टक्क्याने उतरला तरी दुप्पट. आता तापमानाचा हिशेब उलटा करा. २५ ऐवजी ४० अंशांत टांगलेल्या पाकिटाचं आयुष्य निम्मं, त्याच्या निम्मं, त्याच्याही निम्मं. आठवा हिस्सा. काकडी-भोपळ्याचं बी मुळात चार-पाच वर्षांचं दणकट असतं, ते यातूनही तरेल कदाचित. कांद्याचं बी चांगल्या जागी ठेवूनही वर्ष-दोन वर्षांत मान टाकतं, त्याने या काचेशी काय करावं? आणि उगवलं नाही की घरी जाऊन माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो. “माझ्या हाताला गुण नाही” म्हणणाऱ्या निम्म्या लोकांच्या हाताला काही झालेलं नसतं. पाकीट काचेला टांगलेलं असतं, एवढंच. हे मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “काकू, इथे टांगलं की दिसतं.”

त्यालाही काकू.

या पाकिटाची तारीख पंधरा महिन्यांपूर्वीची निघाली. दहा बिया ओल्या कापडात गुंडाळल्या, कापड डब्यात, डबा ओट्याच्या कोपऱ्यात. कापड ओलं हवं, ठिबकणारं नको, नाहीतर बिया गुदमरून कुजतात. आठव्या दिवशी उघडलं तेव्हा सहांना कोंब होते, दोन बुळबुळीत झालेल्या आणि दोन आल्या तशाच. म्हणजे साठ टक्के. एका जागी एकच बी टाकलं तर शंभरातल्या चाळीस जागा रिकाम्या. दोन टाकल्या तर निदान एक रोप मिळणाऱ्या जागा ८४, तीन टाकल्या तर ९४ च्या आसपास. कापडात चैन असते, मातीत नसते, म्हणून मी तीन टाकल्या. जास्त उगवल्या तिथे नखाने खुडायच्या, उपटायच्या नाहीत, शेजारणीचं मूळ हलतं.

त्याचं पाकीट ताजं होतं. मीच निवडलेलं. त्याची भेंडी माझ्या आधी येणार हे मला माहीत आहे.

फक्त एक राहिलं. तो पैसे द्यायला वाकला तेव्हा टोपी जरा वर सरकली होती. टोपीखाली केस काळेभोर, आणि भांगाशी, मुळाजवळ, बोटभर रुंदीची पांढरीशुभ्र पट्टी. दाट, एकसारखी, एकही जागा रिकामी नाही. उगवण शंभर टक्के.