पस्तिशीतलं खूळ

नाईट संपवून सकाळी आठला वॉर्डाचा हँडओव्हर द्यायचा होता, पण नेमकी त्याच वेळी सहा नंबरच्या आजोबांनी सलाईन उपसून काढली. निघायला पावणेनऊ झाले. बांबोळीच्या इस्पितळातून पणजी, पणजीहून साखळीची कदंब बस. खिडकीची जागा मिळाली, युनिफॉर्मची पिशवी मांडीवर घेऊन डोळे मिटले, तर मागच्या सीटवर दोघी सुरू झाल्या. विषय कोणीतरी तिसरी. तिचं नाव कळलं नाही, बाकी सगळं कळलं.

"पस्तीस जातलीं तिका. आतां नर्सिंग करपाचें खूळ भरलां."

"घोवाक कळना?"

"घोवच फॉर्म भरूंक गेल्लो म्हण!"

फॉर्म भरायला नवराच गेला, म्हणून दोघी खो खो हसल्या.

मी काहीच बोलले नाही. माशेल गेलं, आमोण्याचा पूल गेला, मी गप्प. वॉर्डात डॉक्टरांशीसुद्धा भांडणारी बाई मी, आणि बसमध्ये तोंडाला कुलूप. म्हणून आता घरी येऊन, आंघोळ करून, झोपायचं सोडून हे टाइप करतेय. चुका असतील, सांभाळून घ्या.

मी चौतिसाव्या वर्षी नर्सिंगला बसले. जुन्या मित्रमंडळींना माहीत आहे, नव्यांसाठी सांगते. त्याआधी बारा वर्षं मी 'घरीच' होते. हा 'घरीच' शब्द कोणी काढला त्याला एकदा भेटायचंय.

२०११ च्या पावसात आमच्या मांय, म्हणजे सासूबाई, मागच्या दारी शेवाळावर घसरल्या आणि खुब्याचं हाड गेलं. पुढचे दीड वर्ष त्या खाटेवर. भरवणं, धुणं, पुसणं, सगळं माझ्याकडे. नणंदा यायच्या रविवारी, केळी घेऊन. मला तेव्हा शिकवलं कोणी होतं? दोन महिन्यांत माकडहाडावर रुपयाएवढं लाल झालं, मग तिथली कातडी गेली, मग वास यायला लागला. ड्रेसिंगला घेऊन गेले तर तिथे एक वयस्क सिस्टर होत्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी जखम पाहिली, माझ्याकडे पाहिलं. ओरडतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, घरी जुनी नऊवारी आहे का?

आणि मग त्या बाईंनी, वॉर्डात तीस पेशंट असताना, मला वीस मिनिटं दिली. नऊवारीची चौपदरी घडी. ती खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घ्यायची, सुरकुती राहू द्यायची नाही. दोन बाजूंनी दोघांनी कडा गुंडाळून मुठीत धरायच्या आणि एकदम उचलायचं. मी सवयीने ओढायला गेले तर माझ्या मनगटावर हलकेच चापट मारली. "वोडूं नाका गो, उखल." ओढलं की कातडी चादरीला घासते आणि सोलते, इतकं साधं. दर दोन तासांनी कूस बदलायची: उजवी, पाठ, डावी. पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. मी तिथल्या तिथे करून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुजो हात बरो आसा. शिक मगो तूं."

मला आयुष्यात कोणी असं काही म्हटलेलं नव्हतं. स्वयंपाक बरा, रांगोळी बरी, स्वभाव बरा, हे ऐकलेलं. हात बरो आसा हे पहिल्यांदा.

जखम भरायला चार महिने लागले. भरली. नवरा रात्री दोनला उठून दुसरी कड धरायचा, खाणीवर टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, चालवून आलेला माणूस. मांयना उचलताना आम्ही दोघं एक-दोन-तीन म्हणायचो, आणि शेवटी शेवटी त्याच 'तीन' म्हणायच्या.

बरं, आता राग कशाचा ते नीट लिहिते, नाहीतर भरकटेन.

दीड वर्ष मी घरी बेडपॅन उचललं तेव्हा हेच जग म्हणत होतं, काय गुणी सून, अशी सून मिळायला पुण्य लागतं. त्याच कामाचं शिक्षण घ्यायला निघाले तर, 'ह्या वयात काय हौस'. तेच काम, तेच हात. फुकट केलं की संस्कार, पगार मागितला की खूळ. पस्तिशीतली बाई घरात आजेसासऱ्यांची लघवीची पिशवी बदलते तेव्हा तिचं वय कोणी विचारतं का? तेव्हा ती अगदी योग्य वयाची असते.

सोडा. पुढे.

१० सप्टेंबर २०१२ ला सरकारने खाणी थांबवल्या. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, नऊ दिवस होते. ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानेही बंदी घातली आणि आमचा टिपर अंगणात उभा राहिला तो राहिलाच. आमच्या भागात ज्यांच्या घरी असा ट्रक उभा होता त्यांना पुढचं सांगायला नको. (खाणी बंद व्हायलाच हव्या होत्या, डोंगर पोखरून विहिरी आटवल्या होत्या, हे मला मान्य आहे. पण हप्ता मलाही चुकत नव्हता.) त्या वर्षी माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळं टांगतो त्या चौकटीला, निम्मी फळं. डिसेंबरात मांय गेल्या. आणि मार्चमध्ये एकदा नवरा अंगणात ट्रककडे बघत म्हणाला, ती सिस्टर काय म्हणाली होती गं तुला?

म्हणजे बसमधल्या बायकांनो, होय. फॉर्म भरूंक घोवच गेल्लो.

जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंगला, वयाची वरची मर्यादा ३५. बारावी पास, इंग्रजी घेतलेलं, ४० टक्के. माझी बारावी आर्ट्सची, १९९७ ची, मार्कशीट पत्र्याच्या ट्रंकेत तळाला सापडली. मुलाखतीत मॅडमनी तीन प्रश्न विचारले: मुलं किती, नवऱ्याची परवानगी आहे का, नाईट जमेल का. सतरा वर्षांच्या पोरींना विचारत होत्या, सेवेची आवड आहे का. मला आवड विचारलीच नाही.

वर्गात पोरी आधी आंटी म्हणायच्या, मग ताई. त्यांच्यात आणि माझ्या मुलीत सातच वर्षांचं अंतर. वॉर्डात तर मजाच. माझ्यामागे उभ्या अठरा वर्षांच्या घाबरलेल्या पोरीला नातेवाईक म्हणायचे 'सिस्टर', आणि मला, 'मावशे, बेडपॅन हाड गो', म्हणजे आण गं. युनिफॉर्म दोघींचा एकच, हां. पण केस पिकायला लागलेली बाई म्हणजे आयाच, हे ठरलेलं. मी बेडपॅन द्यायचे. काय करणार, पेशंटला लागलेली असते.

पहिल्या वर्षी नर्सिंगच्या इतिहासात फ्लॉरेन्स नाइटिंगेल आली. तिच्या घरच्यांचाही विरोध. जर्मनीत प्रशिक्षणाला गेली ती १८५१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातल्या जखमींसाठी तुर्कस्तानातल्या इस्पितळात पोचली तेव्हा ती चौतीसची होती. चौतीस! मी पेन ठेवून बोटांवर मोजलं. आपल्याला आयुष्यभर दाखवलेलं चित्र काय, तर हातात दिवा आणि चेहरा विशीतल्या पोरीचा. तिलाही कोणीतरी घोडागाडीत मागे बसून हसलं असणारच.

आता प्रामाणिकपणे. सोपं नव्हतं आणि सगळ्यांनी करावं असंही म्हणत नाही. गुडघे बोलतात. फार्माकॉलॉजी डोक्यात राहायची नाही, औषधांची नावं स्वयंपाकघरात फडताळाच्या दारावर चिकटवलेली, फोडणीच्या तेलाने पिवळी झालेली. पोरी एकदा वाचून मोकळ्या, मी पाच वेळा. मुलांची दोन वर्षांची चवथ माझ्याशिवाय झाली, आणि मुलाने ते अजून विसरलेलं नाही, बोलत नाही इतकंच. पाटल्या गहाण पडल्या त्या २०१९ ला सुटल्या. नवरा स्वयंपाक शिकला खरा, पण त्याच्या हुमणाबद्दल, म्हणजे माशाच्या कालवणाबद्दल, न बोललेलं बरं.

पण एक सांगते. पहिल्यांदा कोणाला बेडवर वळवायची पाळी आली, दुसरा महिना असेल, तेव्हा ट्यूटर सांगायच्या आत माझे हात चादरीच्या कडा गुंडाळत होते. शेजारची पोर ओढायला लागली. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "वोडूं नाका गो, उखल." ट्यूटर म्हणाल्या, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, घरीच.

आता परत डोकं तापलं, कारण पगार आठवला.

तीन वर्षं आणि वर सहा महिन्यांची इंटर्नशिप, तेव्हा तसं होतं. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली, २०१७ मध्ये एका खाजगी ठिकाणी लागले. नाव घेत नाही. पगार ११,०००. आदल्याच वर्षी सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने सांगितलं होतं की पन्नास खाटांहून लहान खाजगी इस्पितळातसुद्धा नर्सला २०,००० च्या खाली देऊ नये. मी ते कात्रण घेऊन ऑफिसात गेले. तिथला माणूस काय म्हणाला? "मॅडम, तुमच्या वयाला आम्ही घेतलं हेच बघा." तुमच्या वयाला! म्हणजे बसमधल्या बायका नुसत्या हसतात, हा माणूस त्या हसण्याचे महिन्याला ९,००० कापून घेत होता. खूळ म्हणणं कोणाच्या फायद्याचं आहे ते बघा जरा.

तिथे चार वर्षं काढली. पीपीई किटमध्ये चष्म्यावर वाफ धरलेली असताना निळी कॅन्युला, म्हणजे सलाईनची बारीक नळी, शिरेत घालायची तिथे शिकले. निळी म्हणजे २२ नंबर. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा दोऱ्यासारख्या, त्यांना जाड हिरवी-गुलाबी झेपत नाही. कोवळ्या पोरी शिर दिसली की टोचतात. मी आधी बोटाने चाचपते, ती सरकते का बघते, मग बोलत बोलत टोचते. पेशंटला विचारायचं, यंदा काजू कसा आहे? तो उत्तर देईपर्यंत सुई आत.

मग सरकारी जागा निघाली. गोव्यात सरकारी नोकरीला वय ४५ पर्यंत चालतं, ही आपल्याकडची एक चांगली गोष्ट. अटीत कोकणी आवश्यक, मराठी 'असल्यास इष्ट'. त्या 'इष्ट'वर वेगळी पोस्ट लिहीन, आज नको. बेचाळिसाव्या वर्षी लागले. आज सेहेचाळीस.

एक गोष्ट मघापासून लिहायची टाळतेय.

साखळीला उतरताना मी वळून पाहिलं. म्हटलं, चेहरा तरी बघू. जास्त बोलणारी होती ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. चाळिशीची असेल. पायाशी स्टीलच्या डब्याची पिशवी, त्यातून एक्स-रेचं मोठं पाकीट वर आलेलं, आणि पेशंटसोबत राहणाऱ्यांना देतात तो पास बोटाला गुंडाळलेला. साडीचा पदर खांद्यावर चुरगळलेला, म्हणजे रात्रभर स्टुलावर बसलेली. माझ्याच इस्पितळातून आली होती, कदाचित वरच्या मजल्यावरून. तीही नाईटच करून आली होती. बिनपगारी.

तिच्या आईचं असेल काही, नाहीतर सासूचं. विचारायला हवं होतं. कूस बदलतेस का गं, ओढतेस की उचलतेस, एवढं तरी. मी माझ्या रागात होते.

तर ती तिसरी, जिच्याबद्दल त्या बोलत होत्या, ती जर हे वाचत असेल: ३५ पूर्ण व्हायच्या आत प्रवेश घे, ती अट खरी आहे, तिथे कोणाची ओळख चालत नाही. दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं, जन्मदाखला, रहिवासी दाखला आत्ताच काढून ठेव. मामलेदार कचेरीत वेळ लागतो. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचाही कागद लागेल, माझे पंधरा दिवस त्यातच गेले. कॉलेज कौन्सिलच्या मान्यतेचं आहे का ते स्वतः बघ, जाहिरातीवर जाऊ नको. आणि पहिली नोकरी घेताना मूळ सर्टिफिकेटं कोणाच्या हातात देऊ नको, झेरॉक्स दे.

माझी अ‍ॅनाटॉमी आणि फंडामेंटल्सची पुस्तकं माळ्यावर आहेत. आवृत्ती जुनी झाली, पण माणसाची हाडं अजून २०६ च आहेत. एका पुस्तकात मांयच्या नऊवारीचा तुकडा खूण म्हणून ठेवलाय, तो तेवढा काढून घेईन. साखळी बसस्टँडवर येऊन इनबॉक्सात मेसेज टाक, मी घ्यायला येते. फक्त दुपारी दोनच्या आधी नको, मी झोपलेली असते.

आता खरंच झोपते. आज परत नाईट.