‘हौस कशाला?’ असं विचारणाऱ्या वाचकांना उत्तर

सर, नमस्कार.

राजहंसगडावर व्हीलचेअरवाल्यांनाही नेता येईल, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. गड खानापूर नव्हे, बेळगाव तालुक्यात आहे, हे तुमचं बरोबर. दुरुस्ती केली, आभार. पैसा कुठला आणि वाटेत कुणी कोसळलं तर काय, हे नियोजनाचे प्रश्न, बसून सुटतील. पण ‘दुसऱ्याच्या खांद्यावर बसून गड बघायची हौस कशाला?’ हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही.

हौस?

सातवीत आमची सहल त्याच गडावर गेली. पोलिओने माझा उजवा पाय गेलेला, म्हणून मला गडाखालच्या येळ्ळूरलाच टेम्पोत बसवलं, डबे राखायला. कुणाच्या तरी लोणच्याचं तेल पिशवीतून गळून माझ्या कॅलिपरच्या पट्ट्यात मुरलं. पट्टा बदलेपर्यंत तो वास गेला नाही. संध्याकाळी पोरं बुरुजावरून काय काय दिसलं ते सांगत खाली आली आणि मी नुसती मान हलवत राहिलो. त्या दिवशी मी कुणाच्याच खांद्यावर नव्हतो, सर. तुम्ही हे काही सोसलेलं नाही, म्हणून शब्द इतका सहज आला.

आणि ज्या जोएलेटवरून गडावर न्यायचं म्हणतोय, ती म्हणजे खांदा नव्हे. एका चाकाची खुर्ची, पुढे-मागे दांडे. एकजण ओढतो, दुसरा मागून तोल राखतो. 1987 साली फ्रान्समधल्या एका डोंगर-वाटाड्याने घरातल्या आजारी पोरासाठी ती बनवली. कड्यावर चढणारासुद्धा खालून दोर धरणाऱ्याच्या भरवशावरच लटकतो. त्याला कुणी हौशी म्हणत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये 8 दिव्यांग सियाचीनच्या कुमार पोस्टपर्यंत, 15 हजार फुटांच्या वर पोचले. त्यांनाही हेच विचारणार?

‘आधी बसस्टँडला रॅम्प करा’ म्हणता. त्या रॅम्पसाठी अर्ज घेऊन आम्हीच हिंडलोय, तेव्हा तुम्ही कुठे होता? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 29 मध्ये, साहसी उपक्रमांतला सहभागही येतो. रॅम्प होईपर्यंत थांबा, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही.

कंबरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला खुर्चीचा पट्टा काचला तरी कळत नाही, म्हणून वाटेत थांबून थांबून त्याची कातडी बघावी लागते. तुम्ही असलं काही सांगितलं असतं तर हात जोडून ऐकलं असतं.

दिवाळीनंतर पहिल्या रविवारी सकाळी सहाला येळ्ळूरहून निघतोय. मागचा दांडा धरायला एक माणूस कमी आहे. यायचं तर या.