बीपी सारखं, धोका वेगळा

नुसत्या बीपीच्या आकड्यावर हृदयविकाराचा धोका ठरत नाही. वय, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू सगळं एकत्र धरावं लागतं, हे तुम्ही हृदयविकाराच्या धोक्यावरच्या लेखात सांगितलंत ते फार बरं झालं. आम्ही निपाणीचे. बाबांचं बीपी १५०/९०, माझंही तेवढंच. पण बाबा ६८ वर्षांचे, त्यात शुगर, आणि तंबाखूच्या वखारीत काम करताना लागलेली तंबाखू अजून सुटत नाही. चुन्याची डबी उशाशी असतेच. पुढच्या १० वर्षांत झटका येण्याची शक्यता दोघांची सारखी कशी असेल? आमच्याकडे ईसीजी नॉर्मल आला की माणसं निर्धास्त होतात, गोळ्यासुद्धा बंद करतात! बाबांच्या डॉक्टरांनी क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीतून प्रथिनं जातात का, तेही तपासून घेतलं. किडनी बिघडली की हृदयाचा धोका वाढतो, हे मला तेव्हा कळलं.