साडेसत्तेचाळीस हजारांची चिप आणि आमचे भाचेराव

दिवाळीत भाचेरावांनी गेमिंग पीसीची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. बजेट नव्वद हजार, मॉनिटर घरातलाच, १०८०पी (फुल एचडी), १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम्स दाखवणारा. यादीत सगळ्यात वर एएमडीचा प्रोसेसर, रायझन ७ ९८००एक्स३डी. ग्राफिक्स कार्डापुढे लिहिलं होतं, "उरलेल्या पैशात जे येईल ते." चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

नोव्हेंबर २०२४ मध्ये ही चिप आली ती ४७९ डॉलरला. अमेरिकेतला हा आकडा कर सोडून असतो. तेव्हाच्या चौऱ्याऐंशीच्या भावाने चाळीस हजार, वर १८ टक्के जीएसटी, झाले साडेसत्तेचाळीस. मधल्या लोकांचं कमिशन अजून धरलेलं नाही.

चिप वाईट आहे का? छे, झकास आहे. आठ कोअर आणि तब्बल ९६ एमबी एल३ कॅशे, म्हणजे चिपच्या आतलीच झटपट मेमरी. स्वयंपाक करताना मिसळणाचा डबा हाताशी असला की दर चिमटीला माळ्यावर चढावं लागत नाही, तसं हे. माळा म्हणजे रॅम. फ्लाइट सिम्युलेटर किंवा फॅक्टोरिओ खेळणाऱ्याने बेलाशक घ्यावी.

पण यूट्यूबवरचे आलेख बघून लोक फसतात. प्रोसेसरची चाचणी घेणारे आरटीएक्स ४०९० सारखं तगडं ग्राफिक्स कार्ड लावतात आणि १०८०पी वर गेम चालवतात. त्यांचं बरोबरच आहे, प्रोसेसर मोजायचा तर कार्ड आड यायला नको. आपल्याकडे असतं त्याहून बरंच साधं ५०६०. सायबरपंकमध्ये सेटिंग्ज वर नेल्या की घाम कार्डालाच फुटतो, प्रोसेसर निवांत बसून असतो. व्हॅलोरंटला प्रोसेसर लागतो, कबूल. पण १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर चारशे फ्रेम्स दाखवणार कुठे? (इनपुट लॅगवाले, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर मोजणारे, कमेंटमध्ये येतीलच. या.)

मी सांगितलं, रायझन ५ ७६०० घे. २०२३ च्या जानेवारीत तो २२९ डॉलरला आला, म्हणजे निम्म्याहूनही कमी. वाचलेले पैसे कार्डात घाल. एएम५ सॉकेटचा (चिप बसते त्या खाचेचा) मदरबोर्ड आहे, पुढे वाटलं तर चिप बदलता येईल. हे मी स्वतः केलंय. एएमडीच्याच जुन्या बी४५० बोर्डावर आधी रायझन ५ ३६०० होता. बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला, रायझन ७ ५७००एक्स३डी बसवला, बोर्ड तोच आणि डीडीआर४ रॅमही तीच. इंटेलने २०२४ च्या ऑक्टोबरात कोअर अल्ट्रा आणले ते नव्या सॉकेटसह, म्हणजे जुना बोर्ड बाद. त्यातला ५८९ डॉलरचा २८५के कित्येक गेममध्ये त्यांच्याच जुन्या १४९००के च्या मागे पडला. नवं म्हणून किती द्यायचं, याला काही धरबंध?

भाचा ऐकेना. "मामा, फ्यूचरप्रूफ घ्यायला हवं ना." मग रोज एक आलेख तो पाठवणार, एक मी. दोन महिने असेच गेले.

तेवढ्यात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. २०२५ च्या डिसेंबरात तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रूशियल नावाने ग्राहकांना रॅम विकणंच बंद करायचं जाहीर केलं. आणि एएम५ ला नव्या डीडीआर५ रॅमशिवाय चालत नाही.

काल भाचेरावांचा मेसेज: "मामा, ७६०० चालेल. पण ३२ जीबीच्या जागी १६ टाकू का?"